नितळ नदीचा शाप

एका राज्यात, जिथे मंत्र पिकत आणि पाखरे माणसांशी बोलत, चंडकेतू नावाचा राजा होता. राजा शूर होता, मनाचा मोठा होता, पण भारी उतावळा. जेवायला बसला तरी एक पाय पाटाबाहेर असे. आपले बोलणे पुन्हा उच्चारायची त्याला सवय नव्हती.

नगरातल्या साऱ्या मोऱ्या शुभ्रवती नदीला मिळत. होता होता नदी काळी पडली, दुर्गंधी राजवाड्याच्या सज्ज्यापर्यंत चढली. राजाने कालकूप मांत्रिकाला बोलावले.

"नदी नितळ कर. आजच्या आज."

"नितळच ना, महाराज?"

"एकदा सांगितले ना!"

मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली. नदी अशी झाली की तळाचे गोटे मोजावेत! नगरात साखर वाटली गेली. राजकन्या इंदुलेखेने हौसेने ओंजळभर पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी तिची बोटे दिसेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी हात गेले. बांगड्या तेवढ्या हवेत किणकिणत राहिल्या. राजाच्या काळजाचे पाणी झाले. त्याने मांत्रिकाला दरबारात ओढून आणले.

"महाराज, आपण नितळ म्हणालात, निर्मळ म्हणाला नाहीत," कालकूप म्हणाला. "घाण होती तिथेच आहे, फक्त दिसत नाही. जो ते पाणी प्यायला, तोही सातव्या दिवशी पुरता दिसेनासा होईल. निर्मळ करण्याची विद्या मजपाशी नाही."

सज्ज्यावर बसलेला खंड्या पक्षी हे ऐकत होता.

"राजा, लेक परत हवी तर कामे तीन आहेत," तो म्हणाला, "तीन कुंडे नगराने खणावीत, पण कामे तुझ्याच हातांनी व्हायला हवीत. मोऱ्यांचे पाणी नदीआधी पहिल्या कुंडात अडव. त्यातला गाळ तळाशी बसेपर्यंत काठावर न हलता बसून राहा."

साऱ्या नगराने कुदळी घेतल्या. चौथ्या दिवशी तीन कुंडे तयार झाली आणि पहिल्यात काळे पाणी भरले. राजा काठावर बसला. घटकाभरात उठला, येरझारा घालू लागला. बांध हादरला, खाली बसत आलेला गाळ पुन्हा वर आला. अख्खा दिवस फुकट गेला.

पाचव्या दिवशी राजा पुन्हा बसला. पाय शिवशिवत होते, जीव कासावीस होत होता. शेजारी बांगड्या किणकिणल्या.

"तात, तुम्ही माझ्याजवळ इतका वेळ कधीच बसला नव्हता," इंदुलेखेचा आवाज आला.

राजाला रडू फुटले, पण तो हलला नाही. सांजेला गाळ तळाशी बसला.

"आता पाण्याला श्वास दे," खंड्या म्हणाला.

वरचे पाणी दुसऱ्या कुंडात सोडले. राजाने ताडाएवढी रवी रोवली आणि ताक घुसळावे तसे सहाव्या दिवशी दिवसभर ते घुसळले. वारा पाण्यात शिरला, तसे मोहरीहून बारीक जीव जागे झाले आणि घाण खाऊ लागले.

सातवा दिवस उजाडला. इंदुलेखेचे फक्त डोळे उरले होते.

"आता त्याला वाळूतून चालव. पहिली ओंजळ मात्र कोणीतरी प्यायला हवी," खंड्या म्हणाला.

"कोणी?"

"ज्याने नितळ मागितले त्याने."

वाळूतून पाझरलेले पाणी तिसऱ्या कुंडात साचले. दरबारी नाकाला उपरणे लावून उभे होते. आपल्याच नगराच्या मोरीचे पाणी राजाने ओंजळीत घेतले, डोळे उघडे ठेवून प्यायले आणि मोठ्याने म्हटले, "नदी निर्मळ होवो!"

मंत्र तुटला. शुभ्रवती क्षणात काळीकुट्ट दिसू लागली. लोक किंचाळले. राजाने मात्र पाहिले ते बांगड्यांकडे: त्यांच्यात हात भरला होता, आणि हातामागे त्याची लेक उभी होती.

वर्षभर कुंडातले पाणी नदीत जात राहिले, आणि तिचा काळेपणा ओसरला. नदीचा तळ आजही दिसत नाही, मासे दिसतात. त्या राज्यात तिसऱ्या कुंडाची ओंजळ प्याल्यावाचून राजाला टिळा लागत नाही. आणि चंडकेतू पुढे जन्मभर प्रत्येक आज्ञेनंतर थांबून विचारत असे, "मी काय म्हणालो, ते पुन्हा सांगा बरे."