उघड्या डोक्यांचा मांड

घाटमाथ्यावरच्या करंजवेढ्याला चैत्रातली सोंगे पाहायला गेलात, तर करंजाईच्या देवळापुढच्या मांडात, म्हणजे सोंगे नाचवायच्या त्या गोल अंगणात, एक गोष्ट आधी डोळ्यांत भरते. पहिल्या रांगेतले सगळे कर्ते पुरुष उन्हात उघड्या डोक्याने बसलेले असतात. पाटील असो, सरपंच असो, पाहुणा आलेला आमदार असो. त्यांच्या टोप्या आणि फेटे असतात महिषासुराच्या मुखवट्यात, कापून शिवलेले.

असे का, म्हणून पुजाऱ्याला विचारले तर तो हात जोडून सांगतो, ‘देवीचा दृष्टांत झाला होता.’ दृष्टांत वगैरे काही नव्हता. सोंगांचे कपडे शिवतात त्या पडवीत जाऊन तान्हूबाईंना विचारावे. त्या हातातली सुई खाली ठेवत नाहीत, पण सांगतात सगळे.

फार पूर्वी म्हणे, गावात धोंडू शिंपी होता. सोंगे सजवण्याचा मान त्याच्या घराण्याचा. करंजवेढ्याची सोंगे मुकी. मुखवटा चढला की माणसाने शब्द काढायचा नाही, देवीला चालत नाही. त्यामुळे जे काय बोलायचे ते कापडाने बोलायचे. रावण गर्विष्ठ आहे हे त्याच्या बाह्यांनी सांगायचे, शूर्पणखेचा संताप तिच्या पदराने. पुढे वाताने धोंडूची बोटे वाकडी झाली, आणि सुई त्याच्या मुलीच्या, भिवराच्या हातात आली.

भिवराने सोंगांना असे रूप दिले की खालच्या गावांतले लोक घाट चढून येऊ लागले. तिने घरोघरची जुनी लुगडी मागून आणली. आरशाचे तुकडे, मोरपिसे, रानातल्या हिरव्या भुंग्यांचे पंख, काही सोडले नाही. सोंग मांडात येण्याआधी शिंप्याचे नाव पुकारत आणि त्याला नारळ देत. नाव पुकारले जाई धोंडूचे. शिवणारी भिवरा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते, पण ठाऊक नसल्यासारखे वागण्यावर गावाचे एकमत होते.

भिवरा तेही चालवून घेत होती. बापाचे नाव होते ते. पण धोंडू वारला, आणि त्या वर्षी तिने ठरवले की आता पुकारायचे ते माझे नाव.

तिने महिषासुर करायला घेतला. बांबूच्या कामट्यांची शिंगे इतकी रुंद केली की देवळाच्या दारातून त्याला तिरपे होऊनच निघावे लागावे. घेर असा, की गिरकी घेतली की आधी काळा दिसावा, मग लाल, मग आतला पिवळाधमक. मुखवटा कापडाच्या थरांचा, चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेला, घागरीसारखा अख्ख्या डोक्यावर बसणारा. त्याच्या आत तिने डोके नीट बसावे म्हणून चुंबळ शिवली आणि महिषासुराचे सोंग ज्यांच्या घराण्यात होते त्या सुभानजी पाटलांना निरोप धाडला, की मुखवटा उघड्या डोक्यावर चढवावा आणि चढवायला मला बोलवावे.

पाटील पंचांना घेऊन दारात आले. सोंग पाहून त्यांचे डोळे विस्फारले. मग भिवराने आपले मागणे सांगितले आणि तेच डोळे बारीक झाले.

“बाईचं नाव? देवीपुढं?” पाटील म्हणाले. “बाईच्या हातचं सोंग म्हटलं की विटाळ आला. नाव गणोजीचं घेऊ.”

गणोजी तिचा चुलतभाऊ. त्याने आयुष्यात सदऱ्याला गुंडी लावली नव्हती.

“आणि आजवर माझ्याच हातचं नाचवलंत, तेव्हा विटाळ कुठं गेला होता, जेवायला?” भिवरा म्हणाली.

“जीभ आवर, पोरी. नाव कशाला पाहिजे तुला? देवीची सेवा समज.”

सेवा! हा शब्द ज्यांना स्वतः काही करायचे नसते, त्यांच्याच तोंडी बरा शोभतो. पंचांनी सोंग उचलून नेले आणि भिवराला बजावले, मांडात पाऊल टाकायचे नाही.

सोंगांच्या दिवशी दुपार कलताना संबळ आणि पिपाणी सुरू झाली. बायका मांडाबाहेर, देवळाच्या भिंतीपाशी दाटीने उभ्या होत्या, त्यांत भिवरा. कात्री कमरेला तशीच. पुजाऱ्याने पुकारा केला, “महिषासुराचे कारागीर, गणोजी शिंपी!” गणोजीने नारळ घेतला. तेवढे मात्र त्याला जमले.

आणि महिषासुर मांडात आला. लोक ओरडलेच. पाटील गिरकी घेत होते, घेर काळा, लाल, पिवळा होत होता. मग ते अडखळले. दोन्ही हात मुखवट्याला लावून ओढू लागले. गुडघ्यांवर पडले, उठले, पुन्हा पडले. लोकांना वाटले, काय हा अभिनय! शिट्ट्या वाजल्या. संबळवाल्याने ठेका चढवला. पाटलांनी जमिनीवर टाचा घासल्या, तशी माणसे “वा, पाटील, वा!” करू लागली.

भिवराला कळायला वेळ लागला नाही. मुखवटा वर उचलला गेला होता, मानेशी तिने शिवलेला लुगड्याच्या काठाचा पट्टा दिसायला हवा तिथे पांढरे पागोटे डोकावत होते. चारचौघांत डोके उघडे करायचे, तेही एका शिंप्याच्या पोरीने सांगितले म्हणून? पाटलांनी पागोट्यावरच मुखवटा चढवून घेतला होता आणि गड्यांनी तो दाबून बसवला होता. पागोटे घसरून नाकातोंडावर आले होते. जितके ओढावे तितके ते आवळत होते.

मरू दे, असे तिच्या मनात आले. तान्हूबाई हे लपवत नाहीत. मरू दे मेल्याला. पण लगेच तिला पुढचे दिसले. पाटील मेला, तर उद्या गणोजीचे नाव कोणी घेणार नाही. उद्या सगळ्यांना आठवेल की सोंग भिवराने शिवले होते.

ती मांडाकडे धावली. पंच आडवे आले. “बाई, मागं हो!”

“मग तुम्ही सोडवा. गुदमरतोय तो, नाचत नाहीये. सोडवा ना! ए गणोजी, कारागीर ना तू? शिवण कुठून सुरू होते, सांग.”

गणोजीने मुखवट्याभोवती एक फेरी घातली. घाम पुसला. नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “भिवरे, बाई, तूच बघ. मला काय ठाऊक!”

पंच बाजूला झाले. भिवराने मुखवट्याच्या मागच्या बाजूला, बरोबर जिथे दोन थर जुळत होते तिथे, कात्री घातली. मुखवटा आणि पागोटे एकदमच टराटरा फाटले. पाटील निळे पडले होते. त्यांनी मोठा श्वास घेतला, डोक्याला हात लावला, आणि पहिला शब्द काढला तो असा:

“माझं पागोटं कापलंस?”

“पागोटं कापलं. डोकं ठेवलं,” भिवरा म्हणाली.

भिंतीपाशी हशा पिकला. पण पुजारी घाबरला होता. महिषासुर पडला नाही, तर देवीचे युद्ध अर्धे राहते आणि गावावर कोप होतो. देवीचे सोंग त्रिशूळ उगारून समोर उभे होते, आणि राक्षस पडेपर्यंत तो हात खाली आणता येत नाही.

“बाई, मुखवटा शीव लवकर.”

“ज्याचं नाव घेतलंत, त्याला सांगा.”

सगळे गणोजीकडे वळले, तर तो गर्दीत मागे सरकला होता.

“माझं नाव घ्या, मग शिवते. पाटलांनी घ्यायचं. मांडात उभं राहून.”

“आम्ही वडीलधारी माणसं...” एक पंच सुरू झाला.

“वडीलधारे आहात, तर कापड द्या. भोक मोठं आहे. इथं जास्तीचं कापड तुमच्याच डोक्यावर आहे.”

उगारलेला त्रिशूळ हेलकावे खात होता. बायका भिंत सोडून मांडाच्या काठावर आल्या होत्या आणि आता त्या हसत नव्हत्या. आधी एका पंचाने पागोटे उतरवले, मग दुसऱ्याने. शेवटी सुभानजी पाटील उभे राहिले. खाली मान घालून, मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

“ऐकू आलं नाही!” बायका एका आवाजात ओरडल्या.

“भिवरा... धोंडू शिंप्याची.”

“धोंडू गेला. नुसतं तिचं नाव सांगा!”

“महिषासुराची कारागीर, भिवरा!” पाटील ओरडले. मग तिने सुईत दोरा ओवला आणि पंचांची पागोटी कापून भोक बुजवले. त्याच पाटलाला तोच मुखवटा उघड्या डोक्यावर चढवला, आणि तो देवीपुढे मुकाट्याने पडला. असे सांगतात.

आजही करंजवेढ्यात सोंगे बायकाच सजवतात, आणि महिषासुर पडण्याआधी गावच्या कर्त्या पुरुषाने त्या वर्षीच्या कारागिणीचे नाव मोठ्याने घ्यायचे असते. तो बहुधा पुटपुटतोच. अजून सवय होत नाही त्यांना. मग साऱ्या बायका ओरडतात, “ऐकू आलं नाही!” आणि नाव मांडाच्या शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत देवी हात खाली आणत नाही.