देवाच्या कोपऱ्याचं कुंपण

रानोरानी पाखरं राखायचे उंच माळे उभे असायचे, एका माळ्यावरून दुसऱ्यावर हाका जायच्या आणि हुरड्याचा खमंग धूर थेट घरापर्यंत यायचा, त्या दिवसांतली ही गोष्ट. आता ते माळेही गेले नि त्या हाकाही. आठवलं की जीव हळहळतो. पण गोष्ट राहिलीय, तेवढी ऐका.

नदीकाठच्या एका छोट्याशा ख्रिस्ती वस्तीत रिबका नावाची मुलगी राहायची. सगळे तिला रिबीच म्हणायचे. तिचे बाबा प्रभूघरी गेले होते. घरात ती आणि तिची आई सगुणाबाई, अशा दोघीच. एवढंसं रान, पण त्यात मोत्यांसारखी पांढरीशुभ्र ज्वारी डुलत होती. तीच वर्षभराची भाकरी. आणि नेमका तेव्हाच आईचा पाय मोडला! मग काय, फाटकी शाल गुंडाळून इवलीशी रिबी माळ्यावर चढली आणि देवाची गाणी म्हणत गोफणीनं पाखरं हाकू लागली.

त्या रानाची एक रीत होती. उगवतीकडचा कोपरा देवाचा. तिकडे बाबांनी कधी गोफणीचा खडासुद्धा टाकला नाही. भूक लागेल त्यानं यावं, कणसं खुडावीत, त्याला कुणी नावगाव विचारायचं नाही. "राखणारा तो आहे रिबे," बाबा म्हणायचे, "आपण नुसते माळ्यावर बसतो!" आणि असे खळखळून हसायचे! ते हसू रिबीला अजून ऐकू यायचं.

एका सकाळी शेजारच्या बांधावरून शमुवेलकाका ओरडले, "अगं ए रिबे! खालच्या गावात भोरड्या आल्यात! ढगावानी उतरत्यात अन् सबंध रान साफ करत्यात. तुझा तो कोपरा उघडाच हाय. तितनंच शिरत्याल बघ!"

भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं. दिसायला देखणी, पण खादाड केवढी! रिबी सगळ्या रानाकडं बघत राहिली. एकटीची गोफण कुठं कुठं पुरणार?

पाणी प्यायला ती विहिरीकडे निघाली, तर बोरीच्या झुडपातून बारीकसं मुसमुसणं ऐकू आलं. बघते तर काय, करंगळीएवढी परी! तिचे जांभळे-हिरवे, चमचमते पंख काट्यात अडकले होते. रिबीनं हळूहळू, फुंकर घालत घालत एकेक पंख सोडवला. तिच्या बोटांतून रक्त आलं.

"बाई गं, किती टोचलं तुला!" परी कळवळली.

"तुझा पंख फाटला नाही ना?" रिबीनं उलट तिलाच विचारलं.

परीचा चेहरा उजळला. "मी काही देव नाही हं. त्याच्या अंगणातली एक धाकटी पोर आहे. पण माझ्याकडे दवाचे दोन थेंब आहेत, ते तू घे. एका थेंबाला एक मागणं. नियम मात्र पाळायचे. कुणाला इजा होईल असं मागायचं नाही. आणि एका थेंबानं घडलेलं मोडायचं असेल, तर दुसरा थेंब खर्चावा लागेल."

रिबीनं क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या रानाभोवती कुंपण होऊ दे! उंच उंच! कुणी म्हणजे कुणी आत येऊ नये!"

परी काहीतरी बोलणार होती, पण मागणं मागून झालं होतं. झगमग झगमग! रुपेरी काट्यांचं, सोनेरी फुलांचं कुंपण रानाभोवती उभं राहिलं, देवाच्या कोपऱ्यालाही वेढून. रिबीचा जीव भांड्यात पडला. दुसरा थेंब तिनं ज्वारीच्या पानात जपून ठेवला. भोरड्या आल्याच, तर असावा.

दुपारी कुंपणापलीकडून लहान मुलीचं रडणं ऐकू आलं. दरवर्षी ऊसतोडीला येणाऱ्या टोळीतली हौसाआजी नातीला घेऊन आली होती.

"आजी, कुठं गेला गं देवाचा कोपरा?"

"आवंदा न्हाई दिसत बाय," आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "चल, पाणी पिऊन पडू वाईच."

रिबी धावतच ज्वारीच्या पानाकडे गेली. तिनं थेंब उचलला. तेवढ्यात दूर आभाळात गुलाबी-काळा ढग दिसला. भोरड्या!

"रिबे," परी कानाशी येऊन म्हणाली, "हा थेंब गेला की तुझ्या हातात काही उरणार नाही."

"भीती वाटतीय गं मला. लई वाटतीय," रिबी रडत म्हणाली. "पण देवाच्या कोपऱ्याला कुंपण घालणारी मी कोण? त्याचं रान त्यालाच राखू दे. कुंपण जाऊ दे!"

कुंपण विरघळलं. रिबी धावत सुटली. "आजी, थांबा! या, या आत!" तिनं स्वतः कणसं खुडून नातीच्या ओच्यात घातली. मग माळ्यावर चढून तिनं गुडघे टेकले. "प्रभू, माझं बळ संपलं. बाबा म्हणायचे, राखणारा तू आहेस. आता तूच राख."

ढग रानावर आला. पंखांच्या फडफडाटानं कानठळ्या बसल्या. हौसाआजीनं वर पाहिलं आणि बांधावर उभी राहून टोळीला हाळी दिली, "अगं या गं समद्याजणी! आपल्या कोपऱ्यावर धाड आली!"

आणि मग जी माणसं धावली म्हणता! बाया, गडी, पोरंटोरं, ज्यांनी ज्यांनी कधीतरी त्या कोपऱ्यातलं कणीस खाल्लं होतं ती सगळी. कुणी थाळी बडवतंय, कुणी पत्र्याचा डबा, कुणी नुसतंच "हो हो हो!" करतंय. रानाभोवती माणसंच माणसं! भोरड्यांनी घिरट्या घातल्या, पुन्हा घातल्या, आणि वळून नदीपलीकडच्या गवतात नाकतोडे टिपायला निघून गेल्या. एकाही पाखराला खडा लागला नाही. मग दमलेली सगळी देवाच्या कोपऱ्यात कणसं खुडून खायला बसली.

"रिबे, एक सांगू?" परी खुदकन हसली. "तुझ्या त्या कुंपणाला वर छप्पर कुठं होतं? पाखरांना पंख असतात गं, वेडाबाई!"

रिबी चकितच झाली. "मग ते अडवत होतं कुणाला?"

"हौसाआजीला."

रिबीला हसूही आलं आणि रडूही. परीनं तिच्या गालाला गाल लावला. "आभार मात्र त्याचे मान," ती म्हणाली, आणि लख्ख उजेड झाला. त्या उजेडात कणीसन् कणीस न्हाऊन निघालं. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती.

गलका ऐकून आई काठी टेकत टेकत बांधापर्यंत आली होती. भरल्या रानावरून तिनं नजर फिरवली, मग रिबीला पोटाशी धरून विचारलं, "आणि देवाच्या कोपऱ्यात काय उरलं गं?"

"एक कणीससुद्धा नाही आई. सगळ्यांनी खाल्लं."

सगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "देव पोटभर जेवला म्हणायचा."