चाकाला आवतण

एकदा एका शिष्याला बैलाची दया आली, आणि त्या दयेपायी बैलावरच घर सोडायची पाळी आली.

गावाबाहेर यंत्रविद्या शिकवणारे एक वृद्ध आचार्य राहत. त्यांच्या अंगणातल्या विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरे, गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येई आणि त्या पाण्याने गावाचा हौद भरे. बैल होता त्यांच्या सर्वांत बुद्धिमान शिष्याचा. खरे म्हणजे शिष्याच्या बायकोचा, कारण नुकत्याच झालेल्या लग्नात तिच्या वडिलांनी तो आंदण दिला होता. कपाळावर पांढरी कोर, म्हणून चांद्या. या गोष्टीत नाव असे त्याला एकट्यालाच आहे.

चांद्याला उन्हात फिरताना पाहून शिष्य कळवळे. शेवटी त्याने एक भले मोठे लाकडी चाक बांधले. चाकाच्या कडेला बिजागरीवर हलणारे हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला शिशाचा गोळा. चाक फिरले की उतरत्या बाजूचे हात ताठ बाहेर पडत, चढत्या बाजूचे दुमडून आत येत.

‘‘लांबचा गोळा जास्त ओढतो, हे तराजू धरणारा कुणीही सांगेल,’’ शिष्य म्हणे. ‘‘म्हणजे ही बाजू सदैव जड. एकदा लोटलं की चाकाला थांबायचं कारणच नाही! बैल नको, वैरण नको.’’

चाक थांबत असे. पण शिष्याकडे दर वेळी कारण तयार असे. कधी आस कोरडा, कधी बिजागरी घट्ट, कधी वारा उलटा. ‘‘उद्या नाही थांबणार,’’ तो बायकोला सांगे. ती ‘‘बरं’’ म्हणे. नव्या नवरीचे ‘बरं’ विहिरीसारखे असते. आत किती पाणी आहे ते काठावरून कळत नाही.

गावातल्या तेलाच्या व्यापाऱ्याला घाण्यासाठी बैल हवा होता. सौदा ठरला. पोळ्याच्या दिवशी बैलाला जू लावायचे नसते. त्या दिवशी हौद चाकाने भरून दाखवायचा. भरला की चांद्या व्यापाऱ्याचा, आणि व्यापाऱ्याची कोरी करकरीत गाडी शिष्याची.

‘‘अहो, बैल देऊन गाडी?’’ बायकोने विचारले.

‘‘अगं, गाडीलाही असंच चाक बसवू की!’’

त्या दिवसापासून वैरण घालायला गेली की ती गोठ्यातच रेंगाळू लागली. घाण्याच्या काळोख्या खोलीत डोळ्यांना झापडे बांधून फिरणारा बैल तिने माहेरी पाहिला होता. त्या बैलाला ऊन नाही, वारा नाही, पाऊस आला तरी कळत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी आली. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि त्याला मानाने सांगायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ रहाटाच्या बैलाचा हा मान दर वर्षी आचार्यांचा. ते तुपाची वाटी घेऊन आले. शिष्याची बायको चांद्याला धरून उभी होती. आचार्य चांद्याच्या अंगावरून सरळ पुढे गेले, चाकापाशी थांबले आणि दोन्ही हातांनी चाकाच्या आसाला हळद-तूप चोळू लागले. मग हात जोडून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, ‘‘चाकबुवा, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’’

अंगणात हशा पिकला. शिष्याचे कान लाल झाले.

‘‘गुरुजी, चेष्टा करता का माझी?’’

‘‘छे रे. आवतण राबणाऱ्याला द्यायचं असतं. उद्यापासून राबणार हे.’’

‘‘पण चाक जेवत नाही! तेच तर त्याचं मोठेपण!’’

‘‘असं?’’ आचार्य म्हणाले. ‘‘तरी पान मांडू. नको म्हणायचं तर पाहुण्याने म्हणावं, यजमानाने नव्हे.’’

वाटीत उरलेल्या तुपाने चांद्याचे खांदे बायकोनेच चोळले. आवतणही तिनेच दिले, पण त्याच्या कानात.

दुसऱ्या दिवशी अवघे गाव अंगणात जमले. चांद्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ. चाकासमोर केळीचे पान आणि पानावर पुरणपोळ्यांची चवड. व्यापारी नवा कासरा खांद्यावर टाकूनच आला होता.

शिष्याने चाक लोटले. गाडग्यांची माळ अजून जोडलेली नव्हती. चाक असे फिरू लागले की बघत राहावे. शिशाचे गोळे एकामागून एक बाहेर झेपावत, आत वळत, आणि तुपामुळे आस कुरकुरतही नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यापाऱ्याने कासरा खांद्यावरून उतरवला. बायकोने चांद्याच्या मानेभोवती हात टाकला आणि तोंड फिरवले.

‘‘वा!’’ आचार्य म्हणाले. ‘‘आता जोड माळ.’’

माळ जोडली. पहिले गाडगे वर आले आणि पन्हळीत रिते झाले. दुसरे आले. जयघोष झाला. तिसरे काठाशी येता येता चाक मंदावले, थबकले, जरा विचारात पडल्यासारखे झाले आणि उलटे फिरले. अर्ध्यावर आलेली सगळी गाडगी पाण्यासकट विहिरीत परत गेली.

शिष्याने पुन्हा लोटले. पुन्हा तेच. आणखी एकदा लोटून तो घाम पुसत उभा राहिला.

आचार्य जवळ आले. ‘‘सकाळी काय खाल्लंस रे?’’

‘‘अं? थालीपीठ.’’

‘‘आणि लोणी,’’ बायको हळूच म्हणाली.

‘‘मग मघापासून फिरत होतं ते थालीपीठ,’’ आचार्य म्हणाले. ‘‘आणि लोणी.’’

व्यापारी पोट धरून हसला. ‘‘दम आहे हो वहिनी तुमच्या थालीपिठात! दोन गाडगी पाणी काढलंन्!’’

शिष्याला हसू येईना. ‘‘पण गुरुजी, लांबचा गोळा जास्त ओढतो, हे खोटं का?’’

‘‘अगदी खरं. चाक आता थांबलंय, त्याच्या दोन्ही बाजू बघ.’’

शिष्याने पाहिले. उतरत्या बाजूचे हात ऐटीत लांब पसरलेले, पण थोडे. चढत्या बाजूचे दुमडलेले, आसाजवळ, पण दाटीवाटीने पुष्कळ.

‘‘इकडे ओढ मोठी, पण ओढणारे थोडे,’’ तो सावकाश म्हणाला. ‘‘तिकडे ओढ लहान, पण ओढणारे जास्त. म्हणजे… बरोबरी?’’ इतके दिवस तो चाकाच्या एकाच बाजूच्या प्रेमात होता.

‘‘बरोबरी,’’ आचार्य म्हणाले. ‘‘खाली पडताना गोळा जेवढा जोर देतो, तेवढाच त्याला पुन्हा वर चढवायला लागतो. चाक म्हणजे शिंकाळं आहे, बाळा. लोण्याचा गोळा ठेवलास तर तेवढाच परत मिळेल. मांजराने तोंड घातलं तर कमी. आस घासतो, तापतो, कुरकुरतो, ते मांजर. तू इतके दिवस मांजराच्या मागे काठी घेऊन धावलास. पण मांजर हाकललं म्हणून शिंकाळ्यात लोणी तयार होत नाही. ते घुसळणाऱ्याच्या हातून यावं लागतं. पाणी वर आलं म्हणजे कुणीतरी जेवलेलं असतंच. पाणचक्की चालते ना? त्या ओढ्याला उन्हाने आभाळापर्यंत उचलून नेलेलं असतं. न जेवता राबणारं काही दिसलं, तर समजावं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी घासावर चाललंय.’’

शिष्य खाली बघत म्हणाला, ‘‘म्हणजे माझं चाक वायाच गेलं.’’

‘‘वाया? अरे, इतकं नितळ फिरणारं चाक मला उभ्या जन्मात जमलं नाही! ते हात काढून टाक, गोळे कडेलाच पक्के ठोकून बसव आणि चाक रहाटाला जोड. प्रत्येक पावलाला चांद्याच्या खांद्यावर जो हिसका बसतो, तो हे जड चाक स्वतःवर घेईल. दया आली होती ना त्याची? मग ती तिथे वापर.’’

शिष्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत चाक पुन्हा फिरू लागले होते, या वेळी चांद्यासकट.

इतक्यात घुंगरे वाजली. बायकोच्या हातातून दावे सुटले होते (की तिने सोडले होते, कोण जाणे), आणि चांद्या केळीच्या पानापाशी उभा राहून चाकबुवांच्या पोळ्या मन लावून खात होता.

‘‘अहो, अहो! माझा बैल…’’ व्यापारी पुढे झाला.

‘‘हौद कोरडा आहे शेटजी,’’ बायको म्हणाली. तिचा आवाज एवढा खणखणीत आहे, हे गावाला त्या दिवशी कळले.

व्यापाऱ्याने हौदात डोकावून पाहिले. हौद खरेच कोरडा होता; वर आलेले गाडगे-दोन गाडगे पाणी पन्हळीतच जिरले होते. त्याने कासऱ्याचे वेटोळे करून कमरेला बांधले. ‘‘हरलो बुवा. पण आता गाव पाणी काय पिणार? बैलाला तर आज सुट्टी.’’

‘‘तुम्ही न्याहारी केलीय ना शेटजी?’’ आचार्यांनी विचारले.

मग जे झाले ते गावाने पुढे पुष्कळ वर्षे रंगवून सांगितले. रहाटाच्या दांड्याला शिष्य भिडला, त्याच्या मागे व्यापारी, मग गावातले येतील ते. आचार्यांनीही एक हात लावला. बायको पदर खोचून पुढच्या टोकाला होती. ‘‘अहो, जरा जोर लावा, शेटजींचं ओझं तुम्हीच ओढताय!’’ ‘‘वहिनी, हे ओझं नव्हे, ही साठवण आहे!’’ व्यापारी पोटावर थाप मारत म्हणे. हसता हसता दांडा अडे, पुन्हा चाले. चांद्या झूल पांघरून, रवंथ करत, हा सगळा पोळा तटस्थपणे पाहत होता.

हौद भरला. पंगत बसली. शिष्य असा जेवला, जसा जन्मात जेवला नव्हता. पोळीमागून पोळी, तुपाची धार, कटाची वाटी. अचानक त्याचा हात थांबला. त्याच्याच बरोबरीने दांडा ओढलेली त्याची बायको पोळ्यांची परडी घेऊन अजून वाढत होती. तो उठला. तिच्या हातातून परडी घेतली, स्वतःशेजारी पान मांडले आणि म्हणाला, ‘‘अगं, तू बस आधी.’’

ती बसली. आचार्यांनी ते पाहिले, आजचा पाठ संपला असे मानले, आणि आणखी एक पोळी मागितली.

‘आमचं घर काय, आपोआप चालतं’ असे कुणी कौतुकाने सांगू लागले, तर त्या घरात शेवटी कोण जेवते, एवढे हळूच विचारून पाहावे.