आठव्या ओळीची कमेंट

तुळशीराम फुलारीची माळ्याची नोकरी एका कमेंटपायी गेली.

वेळूगडचं राज्य कधीच संपलं होतं, पण राजवाडा होता, राजवाड्यात रणधीरराजे होते आणि रणधीरराजांना कविता होत होत्या. रोज एक. सकाळी आठला ती फेसबुकवर पडायची आणि नऊच्या आत राजवाड्यातल्या प्रत्येक नोकराने तिच्याखाली कमेंट लिहायची, असा हुकूम होता. कारभारी अप्पाजी फोन हातात धरून हजेरी घ्यायचे. तुळशीरामला बारीक अक्षर दिसत नसे. तो रोज काहीही न वाचता एकच वाक्य टाकायचा: 'वा महाराज, असाच आनंद देत राहा!'

एका बुधवारी महाराजांनी कविता टाकली नाही. आत्यासाहेब वारल्याची बातमी टाकली. त्याखाली पहिली कमेंट तुळशीरामची होती.

त्याच दिवशी त्याच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. बत्तीस वर्षं ज्या बागेत तो राबला, तिच्या फाटकातही त्याला कुणी उभं करेना. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला, जेवेना. ते बघून त्याची मुलगी द्वारका उठली आणि सरळ राजवाड्यावर गेली. ती तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांचे अर्ज लिहून देऊन तिला मोजकं बोलायची सवय लागली होती.

"महाराज," ती म्हणाली, "कविता बाकीचेही वाचत नाहीत. माझ्या बाबांचा फक्त दिवस चुकला."

अप्पाजींना ठसका लागला. महाराजांचा चेहरा पडला, मग लाल झाला. कवितेखाली शेकडो 'अप्रतिम' आणि हजारो जोडलेले हात बघून त्यांनाही अधूनमधून तीच शंका यायची, पण तसं कुणी तोंडावर बोललं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे अट घातली. द्वारकाने उद्याच्या कवितेखाली एक कमेंट लिहायची. तिच्यात कौतुक नको, त्याचा त्यांना वीट आला होता. टीका नको, ती ते ऐकून घेणार नव्हते. प्रश्नही नको. आणि तरी ती वाचून त्यांना स्वतःला तिच्याखाली उत्तर लिहावंसं वाटलं पाहिजे. आजवर त्यांनी कुणालाही उत्तर दिलं नव्हतं. जमलं तर बाप पुन्हा कामावर, नाही तर ही शेवटची भेट.

दुसऱ्या दिवशी चांदण्यावरची सोळा ओळींची कविता पडली. द्वारका गॅसपाशी उभी राहून ती वाचू लागली. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. जे लिहावं ते कौतुक तरी होई, नाही तर टीका. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली, एवढ्यात आई ओरडली. द्वारकाने वळून बघितलं, गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि ओल्या हातानेच लिहिलं:

'महाराज, आठव्या ओळीला आमचं दूध उतू गेलं.'

महाराजांनी ते नाश्त्याला वाचलं. पोह्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी अप्पाजींना विचारलं, याचा अर्थ काय. पोरगी कवितेत रंगून गेली, असं अप्पाजींचं मत पडलं. राणीसाहेब म्हणाल्या, तिचा डोळा लागला असेल. महाराजांनी आठवी ओळ स्वतःशी दहा वेळा म्हणून पाहिली. दुपारची झोप झाली नाही. चहाच्या वेळी त्यांना राहवेना, त्यांनी फोन उचलला आणि कमेंटखाली लिहिलं: 'रंगून गेलीस म्हणून, की झोप लागली म्हणून?'

संध्याकाळपर्यंत त्याखाली तीनशे जणांची जुंपली. आठव्या ओळीत आहे तरी काय, हे बघायला लोकांनी पहिल्यांदाच महाराजांची कविता आठव्या ओळीपर्यंत वाचली.

दुसऱ्या दिवशी द्वारकाला दिवाणखान्यात बोलावलं. सगळे नोकर दाराशी गोळा झाले. आपण लिहिलं तो प्रश्न होता, उत्तर नव्हे, असं महाराजांनी सुरू केलं. द्वारकाने नुसता फोन पुढे केला. त्यावर लिहून आलं होतं: 'रणधीरराजे यांनी तुमच्या कमेंटला उत्तर दिलं.'

"बरं," महाराज म्हणाले. "पण कौतुक चालणार नव्हतं. आणि माझी कविता उत्तम आहे. म्हणजे तू रंगलीस, म्हणजे ते कौतुकच झालं. हरलीस तू."

दाराशी कुणीतरी हळहळलं. अप्पाजी मान डोलवू लागले.

"तसं असेल तर हरले," द्वारका म्हणाली. "पण कविता उत्तम आहे याची खात्री असती, तर महाराजांनी काल मला विचारलंच नसतं."

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे गदगदू लागले, आणि त्यांच्याकडे बघताबघता महाराजांनाच असं हसू फुटलं की डोळ्यांना पाणी आलं. हसण्यात बोलता येईना, म्हणून त्यांनी हातानेच अप्पाजींना खूण केली: खुरपं आणा.

तुळशीराम त्याच दिवशी कामावर आला. द्वारकाला महाराजांनी वर एक मागणं मागायला सांगितलं. कमेंटची हजेरी बंद व्हावी आणि कविता आठवड्यातून एकदाच यावी, असं तिने मागितलं.

"दोनदा," महाराज म्हणाले.

"एकदाच," राणीसाहेब म्हणाल्या, "आणि बारा ओळी!"