मेखलेचा हसरा रस

एका राज्यात, जिथं सहा महिने सूर्य तोंड दाखवत नाही, तिथं एक रस हसत असे. खोटं सांगत नाही हो! रानातली तांबडी बोरं, देवदाराचे कोंब आणि भूर्जाच्या खोडातलं पाणी रांजणात घालायचं, वर मध ओतायचा. तीन दिवसांत बुडबुडे फुटायचे आणि रांजण खळखळून हसायचा. सूर्य परतेल त्या दिवशी राजा उत्तुंगसेन पहिला पेला वेशीवरच्या पाहुण्याला द्यायचा. रस करायची भद्राई. तिच्या हाताची सर कुणाला नव्हती.

एके वर्षी पाहुणा आला तो कर्दम जादूगार, दलदल तुडवत, गुडघाभर चिखलानं माखलेला. राजानं नाक मुरडलं.

"आधी सात पाण्यांनी धुऊन ये."

कर्दम म्हणाला, "माती नको? मग मातीचं हसूही नको. मुका रस जो राजापुढे ठेवील, तो बर्फ होईल. रस हसेल तेव्हाच सुटेल."

राजा हट्टाला पेटला. वेशीवर सात हौद बांधले. माणूस असो की मुळा, धुतल्याशिवाय आत नाही! पुढच्या हिवाळ्यात भद्राईनं सात पाण्यांनी धुतलेल्या बोरांचा रस राजापुढे ठेवला. एक बुडबुडा उठेल तर शपथ. भद्राई पळी हातात धरून उभी होती, तशीच बर्फ झाली.

सूर्य परतायला पंधरा दिवस उरले. ऊन पडलं की बर्फ वितळणार, भद्राई पाणी होऊन वाहून जाणार. भद्राईची लेक मेखला ढसाढसा रडली, मग पदर खोचून रानात निघाली.

वाटेत डोमकावळा बोलला, "आम्ही बोरं कधी धुऊन खातो का गं? मग आमच्याच पोटात गुदगुल्या का होतात?"

मेखलेनं बर्फाखालचं एक बोर उचललं. त्यावर पांढुरकी साय होती. बोटानं पुसली तर गेली. "अगं बाई! हसू इथंच राहत होतं की!"

अस्वलानं बोरांची वाट अडवली. म्हणालं, "उघड्या हातांनी वेच, निम्मी मला ठेव." तिनं ठेवली. देवदार म्हणाला, "विचारून तोड." तिनं प्रत्येक फांदीला विचारलं. भूर्ज हिवाळ्यात पाणी देत नाही. तिनं खोडाला एक दिवस, एक रात्र मिठी मारली. ऊब लागली, घडा भरला, आणि खोडाची जखम तिनं चिखलानं लिंपली.

ती वेशीवर आली तेव्हा नखशिखांत चिखलात होती. राजा स्वतः आडवा आला.

"नियम म्हणजे नियम."

"नियम तुमचा, महाराज. आई माझी."

"रस मुका निघाला तर तूही बर्फ होशील."

"होईन. आईशेजारी उभी करा. पण बोरांना पाणी लावू देणार नाही. आईच्या हाताचा रस आहे हा, लपूनछपून करायचा नाही."

राजानं तिच्या फुटलेल्या बोटांकडे पाहिलं. त्याला लाज वाटली. तो बाजूला झाला.

मेखलेनं आईजवळ रांजण मांडला. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी डोंगरावर सूर्याची कड दिसली आणि भद्राईच्या करंगळीवरून एक थेंब ओघळला. रांजण गप्प. तरी राजापुढे ठेवायचा पेला भरायला मेखलेनं झाकणाला हात घातला.

रानातून तिच्या मागोमाग आलेल्या डोमकावळ्यानं रांजणाला कान लावला. "थांब. गुरगुरतोय."

झाकण उडालं ते थेट छताला! तांबडा फेस उसळला, रस खळखळून हसला आणि भद्राईच्या अंगावर सांडला. बर्फाला तडे गेले. भद्राईनं श्वास घेतला, ओठांवरचा फेस चाटला.

"देवदाराचा एक कोंब जास्त झालाय," ती म्हणाली.

मेखला हसता हसता रडली. राजानं पहिला पेला भरला आणि अनवाणी वेशीपर्यंत चालत गेला. तिथं कर्दम उभा होता. दोघांचे पाय चिखलात सारखेच बुडाले. कर्दमानं पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि शाप मागे घेतला. त्याच दिवशी सातही हौद फोडले.

परतून राजानं विचारलं, "भद्राई, पुढच्या वर्षी रस कोण करणार?"

भद्राईनं हातातली पळी पदरानं पुसली नाही, की धुतली नाही. तशीच लेकीच्या हातात दिली. म्हणाली, "ही काय, उभी आहे ना! माझी मेखला."

ज्यानं ऐकलं त्याचा रांजण हसो, ज्यानं सांगितलं त्याला एक पेला मिळो.