दोर वळणाऱ्याची दुसरी हाक

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावाच्या अगदी शेवटच्या घरात एक दोर वळणारा राहत होता. त्याच्या घरापुढे मग घर नव्हतं, नुसती वाळू आणि माड. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दिवसभर तो काथ्याचे दोर वळायचा आणि संध्याकाळी एका माणसाचा भात शिजवायचा. एका माणसाचा भात शिजवणं किती कंटाळवाणं असतं, हे ज्याने शिजवलाय त्यालाच ठाऊक.

गिऱ्हाइकं यायची, नाही असं नाही. दोर ओढून बघायची, बदल्यात तांदूळ नाहीतर नारळ ठेवायची आणि चालू लागायची. त्यांनी आणखी घटकाभर थांबावं म्हणून तो दोराचं वेटोळं अगदी सावकाश गुंडाळायचा आणि एका गाठीऐवजी तीन गाठी मारायचा. लोकांना वाटायचं, काय मन लावून काम करतो! "ह्याच्या हातची गाठ सुटायची नाही, कापावीच लागते," असं त्याचं गावभर नाव झालं होतं. पण "बसा, पाणी घ्या" एवढे दोन साधे शब्द काही त्याच्या तोंडून निघत नसत. जिभेला सवयच राहिली नव्हती.

एके सकाळी एक तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, त्याच्या दारात आला. त्याचा एक खलाशी तापाने अंथरुणाला खिळला होता आणि गलबत कौलं भरून बंदरात उभं होतं.

"एक माणूस कमी पडतोय बाबा," तांडेल म्हणाला. "तुला दोराची पारख आहे. शीड कसं सांभाळायचं ते आम्ही शिकवू. येतोस?"

"गलबतावर किती जण असतात?" दोर वळणाऱ्याने विचारलं.

"मी, दोन खलाशी आणि रांधणारा म्हातारा. तू आलास की पाच."

पाच जण! एवढं ऐकल्यावर त्याने पुढचं काहीच विचारलं नाही. मोबदला काय, परत कधी येणार, काही नाही. दाराला चार गाठी मारल्या आणि निघाला.

पहिले काही दिवस शिकण्यात गेले. वारा कुठून येतो ते डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखायचं. दोन्ही कानांत सारखाच घुमला, तर वारा समोरून. शीड फडफडलं तर दोर सैल आहे, ओढून घ्यायचा. गलबत कलू लागलं तर दोर ताणलेला आहे, सोडायचा. चालताना वाकून चालायचं. ह्यातलं सगळं त्याने भराभर उचललं. हात पक्के होते आणि चाळीस वर्षांत दोराशीच तर त्याचं बोलणं होतं.

गाठींवरून मात्र जुंपली. खलाशी जी गाठ मारत ती एका हिसक्यात सुटायची. ते पाहून तो पहिल्यांदाच हसला.

"ही काय गाठ झाली? लहान पोराच्या चड्डीची नाडी बरी!"

"जमिनीवर न सुटणारी गाठ चांगली," तांडेल म्हणाला. "पाण्यावर वेळेला सुटेल ती चांगली. आणि एक नीट ऐकून ठेव. शिडाचा दोर कधी बांधायचाच नाही. खुंट्याला एक वेढा घालायचा आणि टोक हातात धरून बसायचं. जोराचा वारा आला की लगेच सोडायचा. वारा काही निरोप पाठवून येत नाही."

"आणि हात भरून आला तर? भूक लागली तर?"

"तर हाक मार. कुणीतरी येईल."

दोर वळणाऱ्याने मान हलवली. नियम समजला होता. पण हाक मारायची म्हणजे काय, ते त्याच्या गळी काही उतरलं नाही.

त्याची जागा गलबताच्या मध्यावर, कौलांच्या थप्पीला लागून होती. तांडेल मागे उंचावर सुकाणू धरून बसायचा, नजर लांब पाण्यावर. दुपारी जेवणाच्या वेळी दोघे खलाशी आणि म्हातारा पुढच्या टोकाला चुलीभोवती जमायचे. म्हाताऱ्याकडे गोष्टींचा साठा होता. अर्ध्या खऱ्या, अर्ध्या तिखटमीठ लावलेल्या. खलाशी पोट धरधरून हसायचे. दोर वळणाऱ्याचं ताट मागाहून यायचं आणि तो एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने जेवायचा. म्हातारा ताट ठेवताना विचारायचा, "मीठ बरोबर आहे ना रे?" तो म्हणायचा, "हं." म्हातारा जरा वेळ उभा राहायचा आणि परत जायचा.

घरी एकटं राहणं त्याला अंगवळणी पडलं होतं. पण दहा हातांवर माणसं हसताहेत आणि आपण एकटे, हे त्याला सोसेना. त्याला वाटायचं, आपल्याला इथेही दोरापुरतंच आणलंय. हाक मारली तर येईल कोणी? आणि मारली नि कुणी आलंच नाही तर? मग तर काही उरलंच नाही. त्यापेक्षा न मारलेली बरी.

सातव्या दिवशी वारा मंद होता, समुद्र तळ्यासारखा. पुढे हशा पिकला होता. त्याने हातातल्या दोराकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं. मग खुंट्याला आणखी तीन वेढे घातले आणि आपली ती नावाजलेली गाठ मारली. एक नाही, तीन. आणि वाकून वाकून पुढे जाऊन चुलीपाशी बसला.

"अरे, आलास? ये, ये!" म्हातारा म्हणाला आणि त्याने सरकून जागा केली. दोराचं काय, असं कुणी विचारलं नाही. त्यांना वाटलं, तांडेलाने धरला असेल. तांडेलाला थप्पीआडचा खुंटा दिसत नव्हता; त्याला वाटलं, खलाशांपैकी कुणीतरी धरला असेल. एवढा साधा नियम कुणी मोडेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

म्हाताऱ्याची गोष्ट रंगात आली होती. दोर वळणारा हसला, अगदी मोठ्याने. बारा वर्षांत तो एवढं हसला नव्हता.

तेवढ्यात बाजूच्या डोंगराच्या खिंडीतून वाऱ्याचा लोट आला. शीड टम्म फुगलं, गलबत एका अंगावर कललं. "दोर सोड! दोर सोड!" तांडेल ओरडला. दोर वळणारा रांगत, घसरत खुंट्यापाशी पोचला. पण गाठी त्याच्या होत्या. ताण बसून त्या दगड झाल्या होत्या. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, गाठ हलली नाही. काठावरून पाणी आत येऊ लागलं. कौलांची थप्पी खडखडत खालच्या बाजूला कोसळली आणि तिच्या धक्क्याने म्हातारा समुद्रात फेकला गेला.

एका खलाशाने कोयता उचलून दोर तोडला. शीड सुटलं, गलबत डुलत डुलत सरळ झालं. म्हाताऱ्याला दोर टाकून वर ओढलं. जीव वाचला, पण उजवा हात कोपराखाली मोडला होता.

म्हाताऱ्याचा हात फळीला बांधून झाला. मग तांडेल म्हणाला, "हाक का नाही मारलीस?"

"कुणी आलं नसतं तर?" दोर वळणारा खाली बघत म्हणाला.

"म्हणून आम्हा सगळ्यांना बुडवायला निघालास होय?" तांडेलाचा आवाज चढला आणि लगेच उतरलाही. "अरे, हे तिघे पुढे बसून हसतात ते कुणाच्या जिवावर? तुझ्या हातात दोर आहे म्हणून. तुला वाटलं, आम्ही तुला बाजूला बसवलंय."

पुढच्या बंदरात म्हाताऱ्याला हाडवैद्याकडे ठेवलं. तांडेल दोर वळणाऱ्याला म्हणाला, "इथून घरी जायची वाट आहे. जायचं तर जा. राहायचं तर तोच दोर धर." दोर वळणाऱ्याला शेवटचं घर आठवलं, एका माणसाचा भात आठवला. तो राहिला.

त्यानंतरचे दोन महिने फार वाईट गेले. खलाशी त्याच्याशी कामापुरतं बोलत. चुलीपाशी आता गोष्टी नव्हत्या. दोघे भराभर जेवून उठायचे. ज्या हशासाठी तो गेला होता, तो त्यानेच बंद पाडला होता. त्याला कधी कधी रडू यायचं आणि डोळे पुसायला हात मोकळा नसायचा. पण दोर त्याने परत बांधला नाही. वाऱ्याचे लोट आले, त्याने वेळेवर सोडला, पुन्हा ओढून घेतला. पुढच्यांना कळलंही नाही.

परतीच्या फेरीला म्हातारा पुन्हा गलबतावर चढला. हात जुळला होता, पण वाकडा. तो दोर वळणाऱ्याशी एक शब्द बोलला नाही. ताट आणून ठेवायचा आणि मिठाचं न विचारताच निघून जायचा.

एका दुपारी वारा सकाळपासून हट्टाला पेटला होता. दोर वळणाऱ्याचे हात खांद्यापर्यंत बधिर झाले. दोर मुठीतून बोट बोट सरकू लागला. पुढे तिघे चुलीपाशी होते. त्याने तोंड उघडलं.

"कुणी... दोर धरता का?"

आवाज चिरका निघाला आणि वाऱ्याने तो मागच्या मागे नेला. कुणी मान वळवली नाही. ज्याची त्याला आयुष्यभर भीती वाटत आली होती, ते अखेर घडलं होतं. हाक मारली आणि कुणी आलं नाही.

खुंटा समोरच होता. तीन वेढे, एक गाठ, की हात मोकळे. त्याने खुंट्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि गाव हादरेल अशी बोंब ठोकली.

"अरे, दोर धरा कुणीतरी! माझ्याच्यानं होत नाही!"

तिघेही एकदम उठले. सगळ्यांत आधी पोचला तो म्हातारा. त्याने दोराचं टोक डाव्या हातात घेतलं, वाकड्या हाताने वर दाब दिला आणि बूड टेकून बसला.

"काका, तुमचा हात..." दोर वळणारा म्हणाला.

"वाकडा झालाय. दोर धरण्यापुरता आहे," म्हातारा गुरगुरला. "आणि इतके दिवस काय तोंडात गुळणी धरली होतीस? जा. भात निवतोय तुझा."

दोर वळणारा वाकून वाकून पुढे गेला. खलाशांनी सरकून जागा केली. तो त्यांच्यामध्ये बसला आणि दोन्ही हातांनी ताट धरून जेवला.

तात्पर्य: मदत मागायची लाज वाटली की माणूस नको तिथे गाठ मारून बसतो, आणि ती गाठ इतरांनाही बुडवते. म्हणून हाक मारावी. पहिली वाऱ्याने नेली, तर दुसरी जरा मोठ्याने मारावी.