ओढ्याचा मालक

बोरदऱ्याच्या भाऊसाहेब रणनवऱ्यांनी ओढ्याला तारेचं कुंपण घातलं आणि वस्तीवरच्या बायांचं पाणीच तोडलं. बायांनी तालुक्याचं मोफत कायदा केंद्र गाठलं. केंद्राच्या प्रमुख इंदूताई खरात त्यांना घेऊन तहसीलदारांपुढे उभ्या राहिल्या.

भाऊसाहेब मिशीवर ताव देत गरजले, "ओढा माझ्या आजोबांचा! फुकटच्या वकिलांनी मला कायदा शिकवू नये."

"मान्य," इंदूताई शांतपणे म्हणाल्या. "उगमापासून नदीपर्यंत ओढा भाऊसाहेबांचाच."

बाया चमकून एकमेकींकडे पाहू लागल्या. ताई फितूर झाल्या की काय?

"फक्त एक विचारते," ताई पुढे म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात याच ओढ्यानं तहसीलदारसाहेबांची जीप वाहून नेली. बैलानं नासधूस केली, तर मालक भरून देतो. मग ओढ्यानं केली तर?"

तहसीलदार खुर्चीत सावरून बसले आणि भाऊसाहेबांकडे रोखून पाहू लागले.

भाऊसाहेबांना दरदरून घाम फुटला. "छे छे, साहेब! ओढा कुठला माझा? ओढा सरकारचा!"

इंदूताईंनी हसू कसंबसं गिळलं. "साहेब, एवढं वाक्य जबाबात लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांच्याच गड्यांनी कुंपण उपटलं, आणि बाया घागरी घेऊन ओढ्यात उतरल्या.